याडीच्या हाती लेकरू

पाझर तलावाचं काम,
डोंगरकड्याच्या अलीकडं
११ जानेवारी १९७३

चिरंजीव हरिचंदास,

आईचा जयभीम. आदी खाली बस. बसलास? मंग पुढचं वाच.

तुला पोरगी झाली! सोमवारी, दिस कासराभर वर आला तवा. इथंच, कामावरच्या झोपडीत. मी चार दिसांपासून कोनाकोनाला सांगून राहिले. पानी वाढणाऱ्याला सांगितलं, सरकारी खाऊ, सुकडी वाटणाऱ्या बाईला सांगितलं, ग्यानोबा मुकादमाला तर दोनदा सांगितलं. त्यो म्हणला, "मावशे, तिची बी हजेरी मांडू का?" मी म्हणलं, "मांड की, तुज्यापरीस जास्त वरडती."

नाक तुझं हाय. कानाची पाळी आपल्या घरची हाय, खाली जरा दुमडलेली. तुज्या बापाची बी तशीच हुती. ते असते तर आज हातोडी ठेवून नाचले असते. म्हणून मीच जरा नाचले. कोनी बघितलं न्हाई. बघितलं असल तर बघू दे.

तुला इथलं कळावं म्हणून सांगते. गावात आता कुत्रं बी ऱ्हाईलं न्हाई. हिरीला तळ दिसून राहिला. समदा गाव या तलावाच्या दुष्काळी कामावर हाय. गडी माती खांदत्यात, बाया घमेली वाहत्यात, आन् माज्यासारख्या म्हाताऱ्या खडी फोडत्यात. खायाला ती अमेरिकेची लाल मिलो जवारी. भाकर थापली की तव्यावरच फाटती. पर पोट भरतं. तलावाच्या पाळीच्या अलीकडं आपल्या गावच्या झोपड्या, पल्याड एका तांड्याची पालं. त्यांच्या बाया आरशाच्या चोळ्या घालून दगड फोडत्यात, उनात नुसतं लखलख करतं. त्यांची बोली मला कळत न्हाई. आपल्या गावाजवळ तांडा न्हाई ना.

मिरा बरी हाय. जरा थकली हाय. ती चौथी पास, तिनंच लिवलं असतं, पर हात दुखतो म्हणली. म्हणून मी लिवून राहिले. तुज्याच पाटीवर तुज्यासंगं शिकलेली मी, काना-मात्रा चुकली तर तुजीच शिकवणी.

लेकरू बी बरं हाय. समदं बरं हाय. तू काळजी करू नको.

शिट्टी झाली. जाते.

भागूबाई, तुझी आई


मार्फत ५६ ए.पी.ओ.
२ फेब्रुवारी १९७३

ती. आईस,

जयभीम. तुझं पत्र परेडनंतर मिळालं. उभ्यानेच वाचलं, बसायला सांगितलंस ते नंतर कळलं. आमच्या बराकीत गूळ वाटला. इथं बर्फ आहे, गूळ दगडासारखा झालेला, संगिनीच्या मुठीने फोडला. सगळे म्हणाले, बापासारखी असेल तर खुंटेल, आईसारखी असेल तर तरेल.

आता माझं एक ऐक. मिराचा हात दुखतो म्हणतेस. कोणता? ती उजव्या हाताने लिहिते. खडी तर तू फोडतेस, तिचा हात कशाने दुखला? आणि तुझं ते "समदं बरं हाय" मी चार वेळा वाचलं. बाकीचं पत्र कोंबडीच्या पायासारखं आहे आणि तेवढी एक ओळ सरळ, सुंदर, रेघेवर. आई, तू खोटं लिहितेस तेव्हाच तुझं अक्षर चांगलं येतं.

पहिल्या मुलीच्या वेळी पण असंच झालं. ती गेल्यावर बाराव्या दिवशी मला कळलं. या वेळी तसं करू नको. जे असेल ते लिही.

मिराला सांग, एक अक्षर तरी लिही म्हणावं.

तुझा
हरिचंद


पाझर तलावाचं काम
१४ फेब्रुवारी १९७३

हरिचंदा,

उजवा न्हाई आन् डावा बी न्हाई. हात दुखत नव्हताच.

आता खरं लिवते, म्हणून अक्षर वंगाळ येईल. वाचून घे.

मिराला तिसऱ्या दिशी ताप भरला. बारा दिस हुता. दवाखान्याची बाई येऊन सुया टोचून गेली, ताप उतरला. पर दूध आटलं ते आटलंच. आन् त्याच्याहून वंगाळ म्हंजे ती बोलंना झाली. तोंड कुडाकडं करून पडती. लेकरू बाजूला ठेवलं तर बघत बी न्हाई. मी लई बोलले, रागावले, गोंजारलं. एकदाच बोलली. म्हणली, "आत्या, ही बी जानार. मला माया लावू नका." पयली गेली तवा ती रडली नव्हती, तुला सांगितलं नव्हतं मी. पोरीला पुरून आल्यावर लगीच भांडी घासाया बसली हुती. तवाच मला कळाया पायजे हुतं.

आन् लेकरू! काय सांगू तुला. शेळ्या भाकड. पेज दिली, साखरंच्या पान्यात चिंधी बुडवून दिली. ओकून टाकायची. हात काडीवानी झाले. आदी वरडायची, मंग मांजरीवानी म्यँव म्यँव, आन् अठराव्या दिशी आवाजच बंद. बाभळीला लुगड्याची झोळी बांधून मी खाली खडी फोडत हुते. दर दोन दगडांला उठून बघायचे, हलून राहिली का न्हाई. ग्यानोबा म्हणला, "मावशे, तुजा ढीग आज मुंगीचं वारूळ हाय." मला बोलायची बी ताकद नव्हती. मी, आन् गप! इचार कर.

तवा त्या तांड्यातली एक बाई आली. जिवनबाई नाव. माती वाहणाऱ्या थावराची बायको, आपली बोली मोडकीतोडकी बोलती. पोरगी अशी विशीतली असल. तिचं बारा दिसांचं लेकरू हितंच कामावर गेलं हुतं, आठ दिस झाले हुते. तिची चोळी वल्ली हुती आन् वर फडकं आवळून बांधलेलं. दूध दाटलं की लई तकलीफ असती, पुरुषाला काय सांगू. हातोडी टाकून ती सरळ झोळीपाशी आली. म्हणली, "मावशी, छोरी दे मला."

मी म्हणलं, "बाई, आमी कोन हाव ते इचारलंस का आदी?"

ती म्हणली, "भुकेली हाय ना? मंग काय इचारू?"

आन् बसलीच खाली, दगडाच्या ढिगावर. हरिचंदा, आदी तर लेकराला चोखायचं बी बळ नव्हतं. तिनंच बोटानं व्हठाला लावलं. मंग एक घोट. मंग दुसरा. मी मोजाया लागले. सतरा घोट झाले आन् मला रडू फुटलं, मंग पुढचे मोजायचे ऱ्हाईले.

तवापासून रोज सात-आठ डाव ती पाजती. तिची सासू रुख्मिणीबाई लई नाराज हाय. लांबूनच बोलती, "तुजी नात माज्या सुनंला खाऊन ऱ्हाईली." मी माज्या वाट्याची सुकडी जिवनबाईला देते. मला काय, म्हातारीचं पोट, मुठीएवढं. पर आता लेकराच्या गालाला गोळा धरून राहिला. परवा माज्याकडं बघून हसली! पोटातला वारा सरला असल म्हणतील लोकं. म्हणू दे. माज्याकडं बघून हसली.

एक मातर सांगते, खरं सांगायचं ठरलं म्हणून. त्या जिवनबाईला तांड्यात याडी म्हणत्यात. तिच्या पोटच्या दोन बारक्या पोरी हायत, त्या बी "याडी, याडी" करत तिच्या मागं फिरत्यात. कोनी त्यांला वळण लावलं न्हाई. लेकरू गेल्याचा डोस्क्यावर परिनाम झाला असल बिचारीच्या. पर मला तर ती शानी दिसती. कवा एकटीच लेकराशी बोलत बसती, कवा गात गात रडती, तेवढंच.

आता तरी रागावू नको. तुला खरं पायजे हुतं ना.

भागूबाई


मार्फत ५६ ए.पी.ओ.
२४ फेब्रुवारी १९७३

आई,

तुझं पत्र वाचून लगेच लिहायला बसलो.

तू माझी पोर वेड्या बाईच्या हातात दिलीस? आणि वर हसत लिहितेस? तिची स्वतःची लेकरं तिला याडी म्हणतात, म्हणजे काहीतरी पाहिलं असेल ना त्यांनी! एकटीच बोलते, गाताना रडते, हे तूच लिहिलंस.

आपल्या गावची ती विहिरीवरची बाई आठवते? आंघोळ घालते म्हणून पोराला विहिरीत सोडलं होतं तिने. मी सात वर्षांचा होतो. तू माझ्या डोळ्यांवर हात धरलास, पण तुझ्या बोटांतून मला सगळं दिसलं. अजून दिसतं.

तिचे उपकार आहेत, मान्य. पण एक लेकरू गेलेली, डोक्यावर परिणाम झालेली बाई, तिच्या मनात काय येईल कोणी सांगावं? पत्र मिळताच लेकरू काढून घे. त्याच दिवशी. सोबत दुधाच्या पावडरीचे दोन डबे पाठवतोय, पाणी उकळून घे. मी सुट्टीचा अर्ज टाकला आहे, मिळेल तेव्हा मिळेल.

हे मी तुला सांगत नाही, पोरीचा बाप म्हणून हुकूम करतो आहे. राग धर, पण ऐक.

हरिचंद


पाझर तलावाचं काम
९ मार्च १९७३

हरिचंदा,

तुजा हुकूम पोचला. मी तो पाळला बी. आता काय झालं ते ऐक, आन् मधीच वाचायचं सोडू नको.

तुजं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा झोपडीत, एकदा बाभळीखाली, एकदा चालत चालत. पाय एका जागी ठरंना. लेकरू तवा जिवनबाईच्या मांडीवर हुतं, पोट भरून झोपलेलं, तोंडाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. मी तिच्याम्होरं उभी ऱ्हायले. खरं कसं सांगू? म्हणून खोटं सांगितलं. म्हणलं, "बाई, दवाखान्यातून सांगून आलंय, दुसरीचं दूध चालत न्हाई."

ती माज्या तोंडाकडं बघतच ऱ्हायली. मंग लेकरू उचलून माज्या हातात दिलं. अंगावरचं फडकं तिचं हुतं, ते मी माघारी द्याया लागले तर म्हणली, "ऱ्हाऊ दे. तिला त्याचा वास सवयीचा हाय." बस. एवढंच बोलली.

तुजी पावडर चांगली हुती रं. तुला बोल लावत न्हाई. पानी उकळलं, गाळलं, चमच्यानं पाजलं. पर पोरीनं तोंडच मिटून घेतलं. जबरीनं घातलं की नाकातून येई. वरडून वरडून बेंबी वर आली. दुसऱ्या दिशी पुन्हा ते मांजरीवानी म्यँव म्यँव. आन् पल्याड जिवनबाई कामावर आली न्हाई. तिची हातोडी ढिगावर तशीच पडलेली. थावरा एकटाच माती वाहून राहिला हुता, खाली मान घालून. रुख्मिणीबाई तर येता-जाता माज्या अंगावर थुकल्यागत करून जायची.

मी तरी ठाम हुते. बापाचा हुकूम. आन् ती हिरीवरची बाई मला बी आठवती.

दुसऱ्या दिशी दुपारच्या सुट्टीत मी पानी भरून आले तर झोपडीत मिरा न्हाई, लेकरू न्हाई.  बाहीर येऊन बघते तर काय! दोन महिने जी दहा पावलं चालली नव्हती ती मिरा, लेकरू छातीशी धरून, तलावाच्या पाळीवर चढून राहिली. एक पाय उचलायची, थांबायची, दम घ्यायची. सरळ पालांकडं. मी घागर टाकली आन् धावले. मला बी काय धावता येतं? "मिरे! मिरे, थांब गं! हरिचंदनी लिवलंय! ती बाई याडी हाय गं, याडी!"

समद्या तांड्याला ऐकू गेलं. सुट्टी हुती ना, समदी भाकर खात बसलेली. घास हातातच ऱ्हाईले.

रुख्मिणीबाई उठली. कमरंवर हात ठेवून म्हणली, "व्हय. याडीच हाय ती. मंग?"

मी म्हणलं, "आन् तुमी तिच्या तोंडावर म्हणता? लाज न्हाई वाटत? लेकरू गेलेल्या बाईला?"

"मी बी याडी हाय," ती म्हणली.

"ते दिसूनच राहिलं!"

"तू बी याडीच हायस!"

हरिचंदा, मंग मात्र माजं डोस्कं फिरलं. मी म्हणलं, "तोंड सांभाळ म्हातारे. मला याडी म्हणणारी अजून जलमाला आली न्हाई!" ती म्हणली, "मंग तुज्या पोराला कोनी जलम दिला, बाभळीनं?" मला काय कळंना हिला काय म्हणायचंय. दोघी एकमेकीच्या नाकाला नाक लावून उभ्या, आन् समदी बघून राहिलेली. ग्यानोबानं शिट्टी काढली, पर वाजवंना. त्याला बी मजा बघायची हुती.

तवा थावरा मधी आला. त्याला आपली बोली चांगली येती. त्यानं दोनी हातानं डोस्कं धरलं आन् खालीच बसला. मला वाटलं रडून राहिला. बघते तर हसून राहिला, आन् डोळ्याला पानी बी. म्हणला, "मावशे, आमच्या बोलीत याडी म्हंजे आई. माय. पोरी आईला आई म्हणून हाक मारत्यात गं."

आई!

 मंग मला एक एक आठवाया लागलं. त्या बारक्या पोरी "याडी, याडी" करत पदर धरायच्या ते. लेकरू रडलं की तांड्यातल्या बाया "याडी, याडी" वरडून जिवनबाईला हाक मारायच्या ते. आपल्या लेकरासाठी! आपल्या लेकराची आई म्हणून तिला हाक मारत हुत्या, आन् मी म्हातारी मनात म्हणायची, काय हे लोकं, दुखावलेल्या बाईला चिडवून राहिले.

वळून बघते तर पालाच्या सावलीत जिवनबाई बसलेली आन् लेकरू तिच्या अंगावर. आमचं भांडण चालू हुतं तवाच तिनं घेतलं हुतं. घट घट आवाज येत हुता. आन् मिरा तिच्या बाजूला. तिनं जिवनबाईच्या खांद्यावर डोस्कं टेकलं आन् एकदम हंबरडा फोडला. असा, की पोरगी दचकली, तरी तिनं काय सोडलं न्हाई! पयल्या लेकराचं नाव घेऊन रडली. मंग जिवनबाई बी रडली, तिच्या लेकराचं नाव घेऊन. दोघी दोन बोलींत. एकीचं एकीला कळत नसल, पर एक थांबली की दुसरी पाठीवर हात फिरवायची.

मी जिवनबाईच्या म्होरं बसले आन् म्हणलं, दवाखान्याचं मी खोटं सांगितलं. थावरानं तिला तिच्या बोलीत सांगितलं. ती म्हणली, "ठाव हुतं. तुज्या तोंडाला खोटं बोलता येत न्हाई."

बघ, तू अक्षरावरून वळखतोस, ती तोंडावरून.

आता मी काय करू ते सांग. न्हाई, सांगू नको. मी केलंय. लेकरू तिच्यापाशीच हाय. मिरा बी दिसभर तिथंच असती.

भागूबाई

कडंला लिवते, जागा ऱ्हाईली न्हाई: रुख्मिणीबाई आता मला मुद्दाम लांबून "ए याडी" म्हणून हाक मारती. मी बी मारते. ग्यानोबाला वाटतं आमचं अजून भांडण चालू हाय.


मार्फत ५६ ए.पी.ओ.
२१ मार्च १९७३

ती. आईस,

तुझं पत्र बराकीत मोठ्याने वाचायला सांगितलं सगळ्यांनी. रुख्मिणीबाईपर्यंत आलो तेव्हा सगळे पोट धरून हसत होते. पुढचं मला वाचता आलं नाही. मी बाहेर जाऊन वाचलं.

माझ्या हुकमाने पोर दोन दिवस उपाशी राहिली. हे मी कुठं ठेवू?

आई, मी पण तुला एक खोटं लिहिलं होतं. माझं अक्षर नेहमीच चांगलं असतं म्हणून तुला कळलं नाही. पहिली गेली तेव्हा सुट्टी मिळाली नाही असं मी कळवलं होतं. सुट्टी मिळत होती. साहेबांनी स्वतः बोलावून विचारलं होतं. मीच नको म्हणालो. मिरासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू ते कळेना. जिवंत लेकरू मी एकदाच पाहिलं होतं, तेही झोपलेलं. इथं ड्युटीवर असलं की माणूस उभा राहतो, बस. तिथं आलो असतो तर काय केलं असतं? तीच गोष्ट गेल्या डिसेंबरात. पुन्हा सुट्टी होती. पुन्हा मी दुसऱ्याला दिली.

आता मे महिन्यात वीस दिवसांची सुट्टी मिळाली आहे. ही मी कोणाला देणार नाही. पण तू ही ओळ मिराला वाचून दाखवू नको. मी येऊन सांगेन. किंवा दाखव. मला ठरवता येत नाही.

काम बंद झालं की तुम्ही गावी जाऊन राहा, मी थेट घरीच येईन.

जिवनबाईला माझा नमस्कार सांग. काय नात्याने सांगायचा ते तू ठरव.

हरिचंद


पाझर तलावाचं काम
१७ एप्रिल १९७३

चिरंजीव हरिचंदा,

तुजी ती ओळ मी मिराला वाचून दाखवली न्हाई. तिनंच वाचली. चौथी पास बायको केलीस, आता भोग. दुसऱ्यांदा बी वाचली. मी लई येरझाऱ्या घातल्या झोपडीसमोर. मंग म्हणली, "येऊ द्या. लई बोलायचंय मला." राग हाय. म्हणजे जीव हाय. मागच्या महिन्यात तिला राग बी येत नव्हता.

चवदा तारखंला जयंती झाली. आमी बाबासाहेबांचा फोटो ग्यानोबाच्या टेबलावर मांडला, त्यानं हजेरीचं बुक उचलून जागा दिली. तांड्यातल्या बाया गोल धरून नाचल्या. मला बी वढलं. या खेपंला समद्यांनी बघितलं.

जिवनबाई एक नवीन करून राहिली. लेकराला पाजायच्या आदी दर खेपंला मिराच्या अंगाला लावती. मिरा म्हणायची, "कशाला, काय न्हाई माज्याकडं." ती म्हणायची, "तिला धुंडू दे." महिना झाला असं करून. आन् गेल्या आठवड्यात थोडं यायला लागलं. खरंच! मी बोटावर घेऊन बघितलं. लई न्हाई, चार-पाच घोटांचं. तेवढ्यावर पोरीचं भागत न्हाई, बाकीचं अजून जिवनबाईचंच. पर मिरानं ज्या दिशी पयल्यांदा लेकराच्या तोंडाकडं बघून पाजलं, त्या दिशी मी खडीचे दोन ढीग फोडले. एका म्हातारीनं दोन!

आता मुद्द्याचं सांगते. तलावाची पाळ पुरी झाली. येत्या शनवारी हे काम बंद. आपल्या गावच्या लोकांला गावाजवळ रस्त्याचं काम मिळालंय, आन् तांड्याची टोळी चालली सिद्धेश्वरच्या कालव्यावर. दोन तोंडं दोन दिशांला. ते कळल्यापासून माजा पाय भुईला टेकंना. इकडून पालांकडं, तिकडून झोपडीकडं. मिराला म्हणलं, आता काय गं? ती भांडी पोत्यात भराया लागली. मला वाटलं गावाला जायची तयारी. मी रडत रडत माजं लुगडं घडी करून दिलं.

तवा रुख्मिणीबाई आली. ते पोतं उचललं, आपल्या पोत्याला बांधलं, गाठ मारली, वर पाय देऊन आवळली, आन् निघून गेली. कोनाला इचारणं न्हाई, सांगणं न्हाई. मी मागं धावले, "अगं, आमचं हाय ते!" ती वळून म्हणली, "मंग? मी काय परक्याचं उचलते का?"

मिरा हसून राहिली. तिला आदीच ठाव हुतं. दोघींनी ठरवून मला सांगितलं न्हाई. म्हणत्यात, तुला सांगितलं असतं तर अर्ध्या तलावाला कळलं असतं. हे मातर खरं.

मंग मी ग्यानोबाकडं गेले. म्हणलं, आमची दोन नावं थावराच्या टोळीत घाल. त्यो म्हणला, "मावशे, ती त्यांची टोळी. तुमी तिच्यात कशा?" मी म्हणलं, "तू बुकात लिव, कशा ते आमी बघू." त्यानं डोस्कं खाजवलं आन् लिवलं.

तर हरिचंदा, मे महिन्यात तू घरी येऊ नको. घराला कुलूप हाय. पूर्णेच्या जंक्शनाला गाडी बदल, हिंगोलीला उतर. औंढ्याची एसटी धर, सिद्धेश्वरचा फाटा इचारून उतर. कालव्याच्या कडंकडंनं चालत ये, पालं दिसतील. आमचं पाल रुख्मिणीबाईच्या पालाला लागून असल, वरडण्याच्या अंतरावर.

तिथं तुला कोनी वळखत न्हाई, म्हणून हरिचंदची बायको कुठं हाय असं इचारू नको. लेकराची आई कोनती, असं इचार. दोघी उठतील. घाबरू नको, आन् बघत उभा ऱ्हाऊ नको. आदी हात धू. पल्टनीतनं आलेला, धुळीत माखलेला असशील. मंग लेकरू जिच्या हातात असल तिच्याकडून घे. मिशीला घाबरून रडंल ते. रडलं तर लगीच माघारी दे.

कोनाकडं बी दे.

भागूबाई